नावेची बाजू

सहकारी बँकेत तेहेतीस वर्षं खतावणी लिहिली मी,
म्हणून मोजते. दुसरं काय.
रात्री पावणेतीनला दापोडीच्या पुलावरून मालगाडी गेली
की उठून बसतात हे, पलंगाच्या कडेला,
हात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानांपाशी.
मी उठत नाही. पाठ बघते आणि मोजते.
जमा: एक.
नावे: दोन, तीन, चार, पाच,
आणि पाचावरही शिल्लक उरतेच आत.

खडकीच्या कारखान्यात भट्टीवर होते,
वर दिवसाला दोन बंडलं बिडी.
दवाखान्यात काचेच्या खोलीत नळी तोंडाला लावून
ती कोवळी मुलगी ओरडत होती,
"सोडा काका, सोडा, सोडा, अजून सोडा!"
बाहेर बाकावरचे हसले. मीही.
या माणसानं आयुष्यात काय सोडलंय?
विकलेल्या स्कूटरची किल्ली आहे ट्रंकेत,
एकोणनव्वदची लाईटबिलं आहेत,
भावाशी भांडण आहे, भाऊ नाही.

कागद आला. मुरलीधर खुटवड, वय एकाहत्तर,
आणि खाली एक रेघ.
चढते ती ठीक, उतरताना मध्येच खोलगट,
ओल्या चादरीनं दोरी ओढावी तशी.
डॉक्टर म्हणाले, हवा आत जाते,
तिला परत यायला वाट सापडत नाही.
जुनी बसून राहिली की नवीला जागा कुठली?
छाती पिंपासारखी झालीय ती म्हणून.
मला वाटायचं, अंग धरलंय.

आता ओठांचा चंबू करायला शिकवलंय.
तोच चंबू, क्वार्टर्सच्या जिन्याखाली उभं राहून
शीळ घालायचे तेव्हाचा. आवाज तेवढा नाही.
समोर मेणबत्ती. विझवायची नाही,
ज्योत नुसती वाकवायची.
यांचा हट्ट, विझवूनच दाखवतो.
ज्योत हलली. राहिली.
मग कितीतरी वेळ दोघंही तिच्याकडे बघत बसलो,
कोणी उठून फुंकली नाही.

बोलणं तुटक झालंय. "पंखा." थांबतात.
"नको." थांबतात. "तू झोप."
मधल्या जागा माझ्या मी भरते,
कधी चुकीच्या भरत असेन.

सकाळी बशीत चहा ओतून देते.
फुंकर घालतात. एक. दोन, तीन, चार.
चहावर साय धरली, चहा गार झाला,
फुंकर चालूच.
"प्या की आता," मी म्हणते.
बोट वर करतात.
थांब,
निघतेय अजून.