परतीची नळी

कातामार्काच्या चढावर, जानेवारीच्या उन्हात
एउसेबियोची तोरीनो हमखास बसकण मारायची.
पेट्रोल नळीतच उकळायचं.
उपाय एकच: नेलिदाच्या दोरीवरचे लाकडी चिमटे
नळीवर ओळीनं लावायचे.
अंगणातल्या चादरी मग शेजाऱ्याच्या कुंपणावर.

यंदा त्यानं टाकी उतरवली,
पाण्यानं काठोकाठ भरली,
आत उरलेला वास पेटू नये म्हणून,
आणि डाख दिला.
फिल्टर तीन तोंडांचा. तिसरं तोंड
सुईच्या नेढ्याएवढं.
"लागेल तेवढंच प्यायचं, म्हातारे,
बाकीचं माघारी."

चढ संपला. गाडी बोलतच राहिली.

संध्याकाळी त्यानं चिमटे मोजून दिले. अकरा.
"आणि बारावा?"
तो हात पुसत राहिला.
बॉनेटखाली आहे अजून,
कशालाच न धरता
नळीला धरून.