खालची ओळ

लँकेस्टरहून लॉरेटा कार्पेंटर यांचं पत्र आलं.
वय एकोणऐंशी, गुडघे गेलेले, गोव्याला येणं नाही.
शोधायचं मी. तासाचे पैसे ठरले.

त्यांना हवे होते दोन भाऊ,
ऱ्हाइनकाठच्या एका गावातले,
एकाच बापापाशी रंधा धरायला शिकलेले.
थोरला रॉटरडॅमला जहाजावर चढला, फिलाडेल्फियाला उतरला.
लेखनिकाने विचारलं, नाव?
झिमरमान.
म्हणजे काय?
म्हणजे सुतार.
मग तेच लिहितो की, म्हणाला लेखनिक,
आणि तेव्हापासून ती सगळी माणसं कार्पेंटर.
बायबलच्या आतल्या कोऱ्या पानावर
त्यांचे जन्म, त्यांची मरणं,
अडीचशे वर्षांत कुठे फट नाही.

धाकटा लिस्बनच्या वाटेला लागला.
त्याच्यापुढे एकच शब्द: पूर्वेला.

पणजीच्या दप्तरखान्यात मी सतरा दिवस बसले.
कस्तोद एकेक चोपडं आणायचा
दोन्ही हातांवर, तापातलं पोर आणावं तसं.
जुनी शाई कागद खाते.
ज्याने जोर देऊन लिहिलं
त्याच्या अक्षराच्या जागी भोक.
घाईत, फिकट लिहिलेलं तेवढं टिकतं.

फिकट लिहिलेला सापडला तो.
शिपायांच्या यादीत सिमेरमांव,
दोन वर्षांनी इस्पितळात सिमांव, ताप, आठ दिवस,
मग दिवाडीच्या इगर्जीत लग्न लागलं तेव्हा
जुआंव कार्पिंतेर.
मी मोठ्याने हसले, कस्तोदने चष्म्यावरून पाहिलं.
दोन समुद्र, दोन लेखनिक,
कंटाळा मात्र एकच.

काम तिथे संपलं होतं.
उगाच एक चोपडं आणखी मागवलं, गोदीच्या मजुरीचं.
फुटलेल्या एका जहाजाचा तळ,
सागवान, डांबर, खिळे,
आणि जुआंव कार्पिंतेर, आलेमांव, दिवसाला चार टांगा.
त्याच्या खालच्या ओळीत:
दोन सुतार, जेंतिव.
म्हणजे न बाटलेले.
दोघांत मिळून तीन टांगा.
नाव नाही.

माझं आडनाव चारी. आजोबा मेस्त लावत.
त्याआधी काय, असं विचारलं की बाबा म्हणत,
त्याआधी वाकस.
आणि म्हणत, आपले कोणीतरी शिरोड्याहून होडीने
नदी ओलांडून फिरंग्यांची जहाजं तासायला जात,
आठ-आठ दिवस घरी येत नसत,
सोबत भाताची कणी नि खारवलेली तोरं.
कोण? कधी?
बाबा हात हलवायचे, लाकडाचा भुसा झटकावा तसे.

ते दोघे आमचे असतील असं मी म्हणत नाही.
गोव्यात सुतार काय दोनच होते?
पण कस्तोदने ओळीखाली पट्टी धरून विचारलं,
इतलेंच कापी काडूं?
मी म्हटलं, नाही रे, खालची पण घे.

लॉरेटाबाईंना अहवाल पाठवला, चौदा पानं.
बिल लावलं, त्यातून अर्धा तास वजा केला.
तो माझा होता.

त्यांचं उत्तर आलं, अक्षर थरथरतं.
आभार. रडल्या म्हणे.
आणि एक प्रश्न:
आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सगळे डावरे,
तोही डावरा होता का, कुठे लिहिलंय का?
कळवलं, मजुरीच्या चोपडीत हात लिहीत नाहीत.

मग रात्री माळ्यावरून बाबांचा वाकस काढला,
त्यांना तो त्यांच्या आजाकडून आलेला.
पातं दोनदा बदललं, दांडा तोच.
दिव्याखाली फिरवून फिरवून पाहिला,
कुठल्या बाजूने झिजलाय.
कळत नाही.
सगळीकडून झिजलाय.