घडी

पिशवी क्रमांक चार हजार चारशे सतरा.
नऊ वर्षं मी तुला एवढंच ओळखत होते.
सोमवारी आत, बुधवारी बाहेर,
खिशात दर वेळी विसरलेलं
फुकटच्या बदामांचं चुरगळलेलं पाकीट.

आज रेडवुड सिटीच्या लाँड्रोमॅटमध्ये
तू यंत्रासमोर उभा, हातात वीसची नोट,
आणि यंत्राला कळतात फक्त पाव डॉलरची नाणी.
तोंड कधी पाहिलं नव्हतं तुझं.
कॉलर पाहिली, आणि ओळखलं.
उजवं टोक विरलेलं.
विचार करताना चावत असशील.

तुमच्या आवारात केस कापायला माणूस,
दात बघायला दारात गाडी,
कुत्र्यांच्या वाढदिवसाला केक.
आम्ही मागच्या दाराने,
गळ्यातल्या कार्डाचा रंग वेगळा.
उरलेलं अन्न घरी न्यायचं नाही, हा नियम.
एल्विराने एकदा माशाचा तुकडा
नॅपकिनमध्ये गुंडाळला.
दुसऱ्या सोमवारी एल्विरा नव्हती.
त्याच आठवड्यात तुमच्या सगळ्यांच्या पिशव्यांत
एकसारखे नवे टी-शर्ट आले,
छातीवर लिहिलेलं : आपण एक कुटुंब.
तीनशे बारा घड्या घातल्या मी त्यांच्या,
अक्षरं बाहेरच्या बाजूला, सांगितलं होतं तसं.

"मला काढलं," म्हणालास. "पहाटे, ईमेलने."
मी मान हलवली.
मला ईमेलही नव्हता;
पिशव्यांची गाडी आली नाही, इतकंच.

मग म्हणालास, दूध केवढ्याला मिळतं
ते परवा कळलं, दुकानात,
आणि हसलास, जरा मोठ्याने.
नाव सांगितलंस, वेन्डल.
मी माझं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

साबण किती, ते दाखवलं.
पांढरे वेगळे काढ म्हटलं, तर पांढरे नव्हतेच;
सगळे कंपनीचे, सगळे निळे.
आता वाळले की घालशील घड्या
आणि बसणार नाहीत त्या,
बाही आत, बाही बाहेर.
घडी मोडायला वेळ लागत नाही,
बसवायला हात लागतो.

एक सांगायचं राहिलंय.
सहा नंबरचा ड्रायर
चार मिनिटं जास्त फिरतो, फुकट.
इथल्या आम्हा सगळ्यांना माहीत आहे,
बाहेरच्याला कुणी सांगत नाही.

ओली टोपली कमरेवर घेऊन
तू निघालास तीन नंबरकडे.
सहा रिकामाच आहे.
माझ्या हातात तुझा एक मोजा राहिलाय,
आणि मी अजून ठरवलेलं नाही.