एकोणतीस

"एका श्वासात जमेल तितकं मोजा," मोरीन हेबलथ्वेट म्हणते,
"तुमच्या भाषेत चालेल, लव्ह."
शेफील्डच्या चढावरचं हॉस्पिटल, खाली ट्राम वळते,
मी मोजते, पाढ्यांच्या तासाच्या सुरात,
आणि अठरावर हवा संपते.
ती कागदावर अठरा लिहिते.
अडले ते कुठल्या शब्दाशी, तिला कळायचं कारण नाही.
पुढचा आकडा एकोणीस. म्हणजे विसाला एक कमी.
जो वीस अजून आलाच नाही
त्याच्या जिवावर उसना घेतलेला.

सुरुवात पापणीपासून.
संध्याकाळ झाली की डावी खाली यायची, दुकानाच्या शटरसारखी.
निखिलेश म्हणाला, आई, तू त्या पोस्टमनला डोळा मारलास.
मग भाकरी. अर्ध्यातच जबडा दमायचा,
उरलेली हनुवटीला हात लावून चावायची.
मग हसू. हसायला जावं तर वरचा ओठ तेवढा उचलायचा,
मांजर फिस्कारावं तसा.
नातीच्या बारशाच्या फोटोत मी सगळ्यांवर चिडलेली आहे.
आमच्या डॉक्टरने बर्फाची पिशवी दोन मिनिटं पापणीवर धरली.
पापणी उघडली. तो माझ्याहून जास्त खूश.

सव्वीस वर्षं मी शाळेत पोरांना जेवण वाढलं,
म्हणून मला ते असं समजतं:
रांग लागलीय, ताटं भरलीत, निरोप वेळेवर निघतो,
पण खिडकीला पाठ लावून आपलीच माणसं उभी.
चोर नाहीत ती. रखवालदार.
कुणीतरी त्यांना चुकीचा फोटो दाखवलाय.

नवं औषध त्यांच्याशी भांडत नाही.
डॉ. अडेयेमींनी सांगितलं,
शरीर असल्या प्रतिद्रव्यांना सहजी टाकत नाही,
कचऱ्याच्या तोंडाशी एक हात असतो,
तो त्यांना उचलतो, परत रक्तात आणून ठेवतो.
मला हसू आलं. (फिस्कारले.)
आइस्क्रीमचे रिकामे डबे मी आयुष्यभर धुऊन ठेवत आले,
झाकणं वेगळी, डबे वेगळे, कपाट उघडलं की अंगावर.
औषध जाऊन तो हातच धरतं.
मग डबे जातात. कामाचेही जातात त्यांच्यासोबत,
माहितीपत्रात बारीक अक्षरात लिहिलंय:
ताप आला तर लगेच फोन करा.

आता मला औषध मिळतंय की नुसतं मिठाचं पाणी
हे ना मला माहीत, ना मोरीनला.
दुहेरी आंधळी चाचणी म्हणतात हिला.
मी म्हटलं, मला आधीच सगळं दुहेरी दिसतंय,
दोन मोरीन, दोन बाटल्या,
त्यातली एक तरी खरी असू दे.

शेजारच्या खुर्चीत डेरेक ऑक्सली, जन्म भट्टीपाशी गेलेला,
तो दुसऱ्याच सलाइनसाठी येतो.
त्याचा आजार माझ्या आजाराचा चुलतभाऊ, पण उलट्या डोक्याचा.
हात मिळवला तर आधी ओलं फडकं,
दाबत राहिला की तिसऱ्या-चौथ्याला पोलाद.
माझं आधी पोलाद, मग फडकं.
मधे कुठेतरी, क्षणभर,
दोघांची पकड सारखी येते. आम्ही तेवढ्यासाठी हात मिळवतो.
फुप्फुसात काय सापडलं ते त्याने
उद्या पाऊस आहे म्हणावं तसं सांगितलं.

आठवा आठवडा. मोजा, लव्ह.
अठरा. एकोणीस. पुढे चालू लागले,
डेरेक बोटांवर, मोरीन पेनाने,
आणि एकोणतीसवर थांबले.
"किती झाले?" डेरेकने विचारलं.
तीस, म्हटलं. पण अजून नाही.
तो म्हणाला, "चालतंय की."

उतारावरच्या थांब्यावर दोन ट्राम आल्या.
सवयीने मी एक सोडून दिली.
ती निघून गेली आणि दुसरी उभीच राहिली,
दार उघडं, ड्रायव्हर माझ्याकडे बघत,
तेव्हा कळलं,
दोन्ही खऱ्या होत्या.