उजवा कोपरा

स्कॅनर किलोवर गेला. चौपन्न किलो.
लॅबचे मालक शेट्ये काट्याकडे न बघता
रस्त्याकडे बघत उभे होते.
मी म्हटलं, यातली एक वस्तू काढून घेऊ?
मुख्तार म्हणाला, घ्या. वजनातून वजा नाही करणार.

तर हे भिंग.
अक्रोडाएवढं, बिननावाचं,
कडेला नुसता एक नंबर.
एकवीस वर्षं त्यानं एकच अंतर पाळलं.
पुढे नेगेटिव्ह, मागे सेन्सर, मध्ये हे.
अर्ध्या माटुंग्याची लग्नं, मुंजी, बारशी,
पासपोर्टसाठी उघडे ठेवलेले कान,
सगळं त्याच्यासमोरून सपाट होऊन गेलं.
जाडी म्हणजे काय, ते त्याला ठाऊकच नव्हतं.

कॅमेऱ्याला लावायचं तर आटे जुळेनात.
नागदेवीत जिन्याखाली लेथ चालवतात ते पांचाळ,
त्यांनी भिंग डोळ्याला लावून आधी मलाच पाहिलं.
म्हणाले, हे आटे आपल्याकडचे नाहीत.
मग पितळेची रिंग कातून दिली, चहा पाजला,
पैसे मात्र पुरते घेतले.
मधली नळी प्लंबरकडची, सव्वा इंची,
आतून काळा कागद.
बायको म्हणाली, मोरीचं काम काढलंय का?

आता ते बघतं
कढीपत्त्याच्या कुंडीतला मावा.
एका पायाला फोकस लागला की दुसरा धुक्यात.
पुढे सरकायचं ते केसभर,
असे चाळीस फोटो एकावर एक रचले
की एक किडा पुरा होतो.

आणि मुंबई हलते.
पंचावन्न वर्षं इथे राहून हे मला कळलं नव्हतं.
खालून पाण्याचा टँकर गेला की मावा डोलतो.
वरच्या मजल्यावर कुणी वाटण लावलं
की त्याच्या पाठीवरचा थेंब थरथरतो.
म्हणून रात्री सव्वादोन ते साडेतीन.
तेव्हाही जमिनीखाली कुणीतरी काहीतरी खोदत असतंच.
मी श्वास धरतो.
ती धरत नाही.

भिंग सोडवताना, आतल्या काचेवर,
एक पापणीचा केस सापडला.
मी त्याला ओळखतो.
प्रत्येक फोटोत, उजव्या कोपऱ्यात,
नवरीच्या खांद्यावर, बाळाच्या टाळूवर,
गेलेल्या माणसाच्या हारावर तो असायचा,
स्वल्पविरामासारखा.
कंपनीचा माणूस म्हणे, काच सीलबंद आहे,
उघडली तर गॅरंटी गेली.
मग कुंदा गवाणकर आणि मी, पाळीपाळीनं,
माउसनं तो पुसायचो, दिवसाला दोनशे-तीनशे वेळा.
उजवा कोपरा झाला?
झाला.
अकरा वर्षं आमचं बोलणं मुख्यतः हेच.
मग तिची बदली झाली, म्हणजे तिच्या नवऱ्याची,
आणि मी एकटाच विचारायचो,
एकटाच सांगायचो.

काल रात्री तो केस टाचणीच्या टोकावर घेतला
आणि त्याच भिंगापुढे धरला.
बुडाशी पांढुरका कंद, लसणीच्या पाकळीसारखा.
वर निमुळता होत गेलेला.
आणि मध्यावर, खवल्यांत अडकलेले,
काळे काळे कण.
काजळ.

मी काजळ घालत नाही.
कंपनीचा माणूसही घालत नसे.
मशीन बसवलं त्या दुपारी, झाकण लागायच्या आधी,
आत वाकून कोण म्हणालं होतं,
बघू तरी, याच्या पोटात काय आहे,
ते मला आठवतं.

लहानपणी असा केस मुठीवर ठेवून
मनातलं काही मागायचं
आणि फुंकर मारायची, असा नियम होता.

चाळीसपैकी एकोणतीस झाले होते.
खालून दुधाचा टेम्पो गेला, रोजच्यापेक्षा लवकर.
केस हलला.
इतका थोडा, की त्याला माप नाही.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं,
ओठ मिटून.