रवण

खुडूक झालीय तांबडी.
एर्मिंदानं दोनदा हाकललं,
एकदा बादलीत बुचकळून काढलं,
तरी ती परत तिथंच:
उलथ्या होडीखाली, जुन्या जाळ्यावर,
पिसं फुगवून, भाकरीसारखी पसरून.

शेवटी एर्मिंदानं हात टेकले.
एलेउतेरिओकडून नऊ अंडी आणली, निळी,
चिलोए बेटावरच्या आभाळाहून जरा उजळ,
आणि अंधार पडल्यावर एकेक सरकवलं पोटाखाली.
तांबडीनं आधी तिचं मनगट टोचलं,
मग तेच अंडं चोचीनं आत ओढून घेतलं.

दिवसातून एकदाच उठायची ती.
चार दाणे, घोटभर पाणी, की पळत परत.

आठव्या रात्री मोबाइलच्या उजेडात पाहिलं:
तांबड्या शिरांचं जाळं, मधे हलता ठिपका.
त्याच मोबाइलवर पोराचा निरोप,
सॅमनच्या पिंजऱ्यांवरून:
या महिन्यातही सुट्टी नाही, आई.
तिनं पुढचं अंडं उचललं.

सात फुटली.
बाविसाव्या सकाळी तांबडी उठली,
कुकुकु करत पिलं घेऊन बटाट्याच्या सऱ्यांत शिरली.
मागे वळूनही पाहिलं नाही.

उरलेल्या दोनांतलं एक हलवल्यावर डुचमळलं.
ते तिनं कुंपणापार फेकलं.
दुसरं कोमट होतं अजून.
एप्रनच्या खिशात ठेवलं,
आणि दिवसभर
वाकताना जपून वाकली.