झाकणावरची बाई

एक शिलिंग मिळाला, आणि दुपारची सुट्टी.
मालक म्हणाले, केझायाची मान बरी आहे,
हिलाच बसवा.
मानेमागे लोखंडी चिमटा, समोर तिकाटण्यावर काळं खोकं.
नऊ आकडे होईपर्यंत श्वास धरायचा होता,
आठव्याला पापणी हलली.
म्हणून डावा डोळा तेवढा धुरकट.
तो नसता तर माझी मला ओळख पटली नसती.

बर्मिंगहॅमच्या त्या बोळात आम्ही पितळी काडेपेट्या करायचो,
बंडीच्या खिशात मावतील अशा,
पाठीला खरखरीत रेघा, काडी ओढायला.
आता झाकणावर काचेखाली मी.
डझनावारी मी, भुश्शात निजवलेली,
अंगठ्याच्या नखाएवढं तोंड.
शेजारची टॅबिथा दिवसभर मलाच काच बसवायची
आणि संध्याकाळी विचारायची, कोण गं असेल ही?

खाली नाव नव्हतं. नमुना क्रमांक सदतीस.
खप चांगला होता म्हणे.
दुसरा शिलिंग काही आला नाही.

मग अकरा वर्षं. लग्न, दोन पोरं, त्यातलं एकच राहिलं.
टिप्टनला, कालव्याकाठच्या गुत्त्यात
नवऱ्याला हुडकायला गेले
तर कोपऱ्यात एक नावाडी,
पाइप ओठांत, पेटी मुठीत,
अंगठ्याखाली मी.

पितळ झिजलेलं, काचेला तडा.
धुरकट डोळा मात्र जागच्या जागी.

मी बघतेय म्हटल्यावर त्याने पेटी बाहीला पुसून पुढे धरली.
"माझी ड्रुसिला. देवीच्या साथीत गेली.
फोटो काढायला सवड कुठे झाली..."
आणि गप्प झाला.
खरं तोंडातून निसटलं होतं.
मग घाईघाईने: "म्हणजे, हा एकच. हा एवढाच."

दिवा माझ्या डोक्यावरच टांगलेला.
त्याने माझ्याकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं,
त्यानंतर माझ्याकडे पाहिलंच नाही.
तंबाखू दाबत राहिला, होता त्याहून खोल.

मी म्हणाले, "मान सुरेख होती हो तिची."
"मान, हो," तो म्हणाला, "आणि हसायची फार."

झाकणावरची तर ओठ मिटून बसलेली.
मालकांनीच सांगितलं होतं तसं.

मी नवऱ्याची चौकशी न करताच निघाले.
दारात असताना मागे काडी ओढल्याचा आवाज आला,
माझ्याच पाठीवर,
पण किती हळू,
कुणी नुकतंच झोपलंय तशी.